आठ मिलिमीटर जागा

माझ्या सासूबाईंनी चोवीस वर्षं रेल्वेत काय काम केलं, हे मी लग्न ठरताना माहेरी खोटं सांगितलं. "रेल्वेच्या ऑफिसात होत्या," असं मी बाबांना सांगून टाकलं. खरं म्हणजे त्या रुळांवर होत्या. गँगमध्ये. पहार, फावडं, गिट्टी, लाल झेंडी. पण माझं माहेर बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या शिर्क्यांचं. बाबांचे पणजोबा सरकारी घोडदळात होते, आणि घोडा जाऊन शंभर वर्षं झाली तरी त्याचा रुबाब आमच्या घरातून गेलेला नाही. मी घाबरले. केयूर मला आवडला होता आणि मला कुठेही खोट नको होती.

साखरपुड्याला बाबांनी विचारलं, "विहीणबाई, कुठल्या ऑफिसात होतात? प्रतापनगर?" सासूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पदराखाली हात घेतले, घट्टे पडलेले, जाड बोटांचे हात, आणि म्हणाल्या, "बाजव्याला."

हे तसं खोटं नव्हतंच म्हणा. पण त्या दिवसापासून त्यांनी आमच्या घरात रुळाचं नावही काढलं नाही. चार वर्षं. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकते.

सासूबाई, म्हणजे वसुंधरा मोहिते, कऱ्हाडजवळच्या गावातून लग्न होऊन बाजव्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आल्या. पहिल्याच सकाळी शेजारणीने विचारलं, "पोतं मारलं का?" या बिचाऱ्या विचारात पडल्या की इथल्या बायका सकाळी उठून कुठल्या पोत्याला मारतात. ओल्या फडक्याने लादी पुसण्याला बडोद्याचे लोक पोतं मारणं म्हणतात हे कळायला दोन दिवस गेले. ही गोष्ट मात्र त्या कुणालाही हसत सांगायच्या. बाकीची कुणी विचारली नाही.

गेल्या वर्षी आम्ही बडोद्यातच, छाणीला फ्लॅट घेतला. जुना, तिसऱ्या मजल्यावरचा, पश्चिमेला गॅलरी. सगळं छान, फक्त खालची लादी म्हणजे डोळ्यांना शिक्षा होती. आधीच्या मालकाने जिथे फुटली तिथे मिळेल त्या रंगाची बसवलेली. उखडून नवी घालायची तर महिनाभर धूळ, आणि खालच्या मजल्यावरचे काका आधीच तयारीत बसलेले. लाकडाची घालायची तर उधई, म्हणजे वाळवी, लागणार. शेवटी ठरलं, विनाइलच्या पट्ट्या. दिसायला लाकूड, पाण्याला घाबरत नाही, जुन्या लादीवरच बसते, एकीची जीभ दुसरीच्या खाचेत कट्कन अडकते.

दुकानात सासूबाई बरोबर आल्या. दुकानदार मला रंग दाखवत होता आणि मी गडद अक्रोडी रंगावर पाघळत होते. सासूबाई मागे एका स्टुलावर बसून नमुने हाताळत होत्या. एक वाकवून पाहिला, बाजूला ठेवला. दुसऱ्यावर घराच्या किल्लीने ओरखडा काढला.

"अहो माजी, शुं करो छो!" दुकानदार ओरडला.

"घरी खुर्ची ओढली की हेच होणार आहे," सासूबाई म्हणाल्या. "त्यापेक्षा इथे होऊ दे. वरचा थर किती जाडीचा?"

त्याने अर्धा मिलिमीटरवाली काढली. पाच मिलिमीटर जाड, कडक गाभ्याची, खाली मऊ अस्तर चिकटवलेली. त्यावर किल्ली चालली नाही. रंगाच्या बाबतीतही त्यांनी माझं ऐकलं नाही. छाणीच्या वर्कशॉपांची धूळ रोज घरात येणारच, तर तिच्याच रंगाची घे म्हणाल्या. मातकट, करडी झाक असलेली. आणि निघताना वर एक खोकं जादा घ्यायला लावलं. मी तोंड वाकडं केलं, पण घेतलं.

खोकी दोन दिवस हॉलमध्ये आडवी ठेवली, म्हणजे पट्ट्यांना घराची हवा लागते. मग फिटर आले, हर्षदभाई. माणूस कामाचा. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, "बेन, भींत पासे आठ एमएम खाली जग्या राखवी पडशे." म्हणजे चारी भिंतींलगत आठ मिलिमीटर जागा रिकामी सोडायची, वर स्कर्टिंगची पट्टी बसवून ती झाकायची.

मी आणलेली स्कर्टिंग नाजूक होती. मासिकात दिसते तशी, अगदी बारीक. तिच्याखाली आठ मिलिमीटर झाकले जाईनात, काळी रेघ दिसायला लागली. मी म्हटलं, "नाही हं. जागा नको. भिंतीला चिकटवून टाका."

हर्षदभाई घुटमळले. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "यशश्री, ते बरोबर सांगतायत. उन्हाळ्यात ही वाढणार. रूळही वाढतात, म्हणून तर..."

आणि मी म्हणाले, "आई, आपल्या हॉलमधून काही गाडी जाणार नाहीये."

हर्षदभाई हसले. मीही हसले. सासूबाई आत गेल्या आणि कणीक मळायला लागल्या. त्यांनी चार वर्षांत पहिल्यांदा तो शब्द काढला होता, आणि मी त्याचं असं केलं. आज लिहितानाही कान गरम होतात.

फरशी भिंतीला भिडवून बसली. सुंदर दिसली. महिनाभर मी येईल त्याला चपला काढायला लावून मिरवलं. मे महिन्यात केयूरच्या मावसभावाच्या लग्नाला आम्ही कऱ्हाडला गेलो, घर नऊ दिवस बंद. पडदे धुवायला काढलेले, ते लावायचे राहिले. बडोद्यात पारा चव्वेचाळीसवर होता.

परत येऊन दार उघडलं तर हॉलच्या मध्ये फरशीला पोट आलेलं! गॅलरीपासून सोफ्यापर्यंत लांबलचक उंचवटा. त्यावर पाय ठेवला की ती खाली जाई आणि दुसरीकडे उठे. दोन-तीन सांधे उघडे पडून दात दाखवत होते. आणि बारा दिवसांनी वास्तुशांत, दांडिया बाजारची सगळी मंडळी जेवायला येणार.

हर्षदभाईंना फोन केला. ते गावी, महिनाभर येणार नव्हते. "में तो कह्युं तुं, बेन," एवढंच म्हणाले. बरोबरच होतं. केयूर म्हणाला, "पण त्यांनी तुला नेमकं काय सांगितलं होतं?"

तेव्हा मी दुसरं खोटं बोलले. "ते म्हणाले खाली जग्या. मला वाटलं खाली म्हणजे फरशीच्या खालून. मराठीतलं खाली."

माझा जन्म दांडिया बाजारातला. बालवाडीपासून मैत्रिणी गुजराती. खाली म्हणजे रिकामी हे मला कळत नाही, यावर बडोद्यातलं शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. केयूर बाजव्यातच वाढलेला, तरी भोळा, त्याने ठेवला. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. केयूर रिफायनरीत शिफ्टला गेला, तिथे देखभालीचं शटडाउन चालू, बारा-बारा तास. मी हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, बसून रडायला लागले.

सासूबाईंनी पदर खोचला. उंचवट्याशी गेल्या आणि खाली चक्क आडव्या झाल्या. गाल फरशीला टेकवला, एक डोळा मिटला, दुसऱ्याने फरशीच्या पातळीतून लांबवर पाहिलं. मी रडायची थांबले. पासष्ट वर्षांची बाई हॉलमध्ये अशी झोपलेली मी कधी पाहिली नव्हती.

"बकल झालंय," त्या म्हणाल्या. "श्वास घ्यायला जागा नाही मिळाली की वर उठतं. रूळ बाजूला पळतो, ही वर आली. खराब नाही झाली. उद्या पहाटे पाचला उठशील?"

"तुम्ही करणार? आई, तुमचे गुडघे..."

"गुडघे गिट्टीवर झिजलेत. ही तर मऊ आहे."

मग त्यांनी पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली. साड्यांच्या तळातून एक फडकं काढलं आणि त्यातून बोटभर लांबीची पोलादी पट्टी. रुळांच्या जोडांमधली जागा मोजायची. निवृत्तीच्या दिवशी गँगच्या मेटने, म्हणजे मुकादमाने, त्यांना भेट दिलेली. तिची जाडी आठ मिलिमीटर होती.

पहाटे पाचला आम्ही स्कर्टिंग काढली. मी मध्येच चहा ठेवते म्हणून उठले. सासूबाई म्हणाल्या, "चहापाणी कुणीही आणील. तू इथे पट्टी धर."

आणि काम करता करता त्या बोलायला लागल्या. सासरे, विश्वंभर मोहिते, गँगमध्येच होते. कावीळ होऊन गेले तेव्हा केयूर आठ वर्षांचा. अनुकंपेवर सासूबाईंना त्यांचीच जागा मिळाली. पहिल्या दिवशी सोळा पुरुष आणि त्या एकट्या. मेट म्हणाला, बाई, तू झाडाखाली बस आणि पाणी आणून देत जा. दोन दिवस त्यांनी पाणी आणलं. तिसऱ्या दिवशी कळशी ठेवली आणि पहार उचलली.

"मेट काही बोलला नाही?"

"बोलला. म्हणाला, पाणी कोण आणणार? मी म्हटलं, ज्याला तहान लागेल तो."

आम्ही गॅलरीकडून एकेक ओळ उकलत आलो. पट्टी थोडी तिरपी उचलली की जीभ खाचेतून सुटते, ओढायचं नाही. प्रत्येकीच्या पाठीवर खडूने क्रमांक टाकला. चार पट्ट्यांच्या कडा तुटलेल्या निघाल्या. तेव्हा मला ते जादा खोकं आठवलं, आणि दुकानात केलेलं वाकडं तोंडही.

जुनी लादी उघडी पडल्यावर सासूबाईंनी लाटणं मागितलं. गुडघ्यांवर सरकत ते इंच इंच आपटत गेल्या. ठक, ठक, ठक, डब. "इथे पोकळ." रुळाखालची गिट्टी कुठे खचलीय ते असंच काठी आपटून ऐकायचं असतं म्हणे. तीन जागी पोकळ आवाज आला आणि एका जागी खळगा. हार्डवेअरवाल्याकडून सपाटीचं मिश्रण आणून ते भरलं, एक अख्खा दिवस वाळू दिलं. लांब फळी कडेवर उभी धरून सगळीकडे फिरवली. फळीखालून उजेड दिसला की त्या म्हणायच्या, "अजून." दिसेनासा झाला तेव्हा म्हणाल्या, "आता गाडी जाऊ दे." आणि माझ्याकडे पाहून हसल्या. मला हसता आलं नाही.

तिसऱ्या पहाटे घालायला सुरुवात केली. त्यांनी आधी फरशीच्या पट्टीवर तळहात ठेवला. "गार आहे. म्हणजे आत्ता ती लहान आहे. पहाटे बसवतोय तर जागा पुरी सोडायची, उलट केसभर जास्त. दुपारी बसवली असती तर थोडी कमी चालली असती." मग भिंतीलगत त्यांची पोलादी पट्टी उभी. मी ती धरायची, पट्टीशी फरशी भिडली की तिथे लाकडाचा छोटा ठोकळा खोचायचा आणि पुढे सरकायचं. विटांसारखे सांधे मागेपुढे. कापायची पट्टी पातीने दोनदा चिरायची आणि गुडघ्यावर कट्कन मोडायची. मी चार मोडल्या, दोन वाकड्या. त्या एकदाही टाकून बोलल्या नाहीत. नीट अडकवण्यासाठी ठोकायचं असलं की कडेला लाकडाचा तुकडा धरून हलकेच, आणि त्यांचा आवाज: "जरा... जरा... बस." हा "बस" असा यायचा की हात जागच्या जागी थांबायचा.

दहाच्या सुमाराला मी विचारलं, "तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत."

त्यांनी मान वर केली नाही. "तू सांगितलं होतंस ना, ऑफिसात होत्या म्हणून. ऑफिसात असली कामं नसतात."

मला तिथे, त्या अर्ध्या फरशीवर, मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "आई, खाली म्हणजे रिकामी, हे मला माहीत होतं."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "पट्टी धर. सरकली."

त्याच दिवशी त्यांनी मी न विचारता आणखी एक गोष्ट सांगितली. अशाच एका मेमध्ये त्या उन्हाळी गस्तीवर होत्या, दुपारी दोनला, एकट्या. बाजव्याच्या पुढे वळणावर रूळ ओळीतून वीतभर बाहेर गेलेला. समोरून मालगाडीचा आवाज. त्या लाल झेंडी घेऊन गाडीच्या दिशेने धावल्या, पायात एकच चप्पल, दुसरी गिट्टीत राहिली होती. गाडी थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, वाकडा रूळ पाहिला आणि काही न बोलता आपली पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. "चोवीस वर्षांत मला कुणी पाणी दिलं ते तेवढंच," त्या म्हणाल्या, अगदी हवापाणी सांगावं तशा.

फरशी दुसऱ्या दिवशी पुरी झाली. नाजूक स्कर्टिंग मी स्वतः जाऊन परत केली आणि रुंद आणली. आता घरात कायदे आहेत. बादलीने पाणी ओतायचं नाही, पोतं घट्ट पिळून मारायचं. फिनाइल नाही, ॲसिडचं तर नावही नाही. खुर्च्यांच्या पायांना नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, टिकल्या. रबराच्या पाठीची पायपुसणी हद्दपार, डाग पाडतात. फ्रीज ओढायचा नाही, खाली फळी घालून सरकवायचा. आणि अकरा वाजले की गॅलरीचे पडदे. हे सगळं मी एका कागदावर लिहून फ्रीजला लावलंय, खाली सही "मेट" अशी, ती केयूरने केली.

वास्तुशांतीच्या दिवशी बाहेर त्रेचाळीस होतं. पूजा झाली, पंगत उठली, दुपारचे दीड वाजले. तीसेक माणसं त्या फरशीवर फिरून गेली आणि ती हूं की चूं करत नव्हती. बाबा, म्हणजे प्रतापसिंहराव शिर्के, मिशांवर हात फिरवत हॉलच्या मध्ये उभे राहिले. टाच आपटून पाहिली. मग दुसरीकडे आपटली.

"वाह भाई वाह! परवापरवा यशश्री फोनवर रडत होती, आणि आता बघा. कारागीर कोण? आपल्या हॉलचं काम त्यालाच द्यायचं."

केयूरने तोंड उघडलं. मी पाहिलं, भिंतीशी बसलेल्या सासूबाईंनी हात हळूच पदराखाली घेतले. साखरपुड्याला घेतले होते तसेच. मला वाचवायला.

मी हाताने केयूरला थांबवलं.

"बाबा, कारागीर आई आहेत. या. आणि त्या रेल्वेच्या ऑफिसात कधीच नव्हत्या. चोवीस वर्षं गँगमध्ये होत्या, रुळांवर. पहार मारायच्या. भर उन्हात धावत जाऊन मालगाडी थांबवलीय त्यांनी. मला लाज वाटली म्हणून मी तुम्हाला खोटं सांगितलं. लाज मला माझीच वाटायला हवी होती."

पंखा तेवढा फिरत होता. आमच्या आत्याच्या हातातला विडा हातातच राहिला. बाबा माझ्याकडे बघत राहिले, मग सासूबाईंकडे. मला वाटलं, आता घोडदळ निघणार.

बाबा म्हणाले, "विहीणबाई, ही सरळ आहे हे तुम्ही ओळखता कसं?"

सासूबाई म्हणाल्या, "आडवं व्हावं लागतं."

आणि प्रतापसिंहराव शिर्के, वय एकाहत्तर, सिल्कचा कुर्ता, भर पाहुण्यांत खाली आडवे झाले. गाल फरशीला टेकला, मिशी एका बाजूने चेपली.

"डावा डोळा मिटा," सासूबाई उठून त्यांच्याजवळ गेल्या. "आता तिकडे गॅलरीच्या उंबऱ्याकडे बघा. काय दिसतं?"

"एक रेघ," बाबा खालूनच म्हणाले. "अगदी तलवारीसारखी सरळ."

"दोन वाजता आणखी वाढेल. तेव्हाही अशीच दिसेल."

मग काय, आत्या आडवी झाली, केयूर आडवा झाला, खालच्या मजल्यावरचे काका आले होते तेही आडवे झाले. इतका हशा आमच्या घरात कधी झाला नव्हता. सासूबाई मध्ये उभ्या होत्या, दोन्ही हात कमरेवर, सगळ्यांना दिसतील असे. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

बाबा धापा टाकत उठले, कुर्ता झटकला. "ठरलं तर. आमच्या हॉलला कधी हात घालता, विहीणबाई? पण तुमच्या हाताखाली माणसं लागतील."

"पट्टी धरायला यशश्री आहे," सासूबाई म्हणाल्या. "तिचा हात बसलाय आता."

"आणि मी? माझंच घर, मी काय नुसता बसून राहू?"

सासूबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मेटने नव्या माणसाला न्याहाळावं तसं.

"तुम्ही पाणी आणा," त्या म्हणाल्या.

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ते वळले, स्वयंपाकघरात गेले, माठातून तांब्या भरला, आणि फरशीवर एक थेंबही न सांडता दोन्ही हातांनी तो सासूबाईंपुढे धरला.

"हे घ्या," ते म्हणाले. "सुरुवात आजपासून."

सासूबाईंनी तांब्या घेतला आणि उभ्या उभ्या, सगळ्यांसमोर, सावकाश सगळं पाणी प्यायल्या.